उजवीकडची सीट

१९ ऑक्टोबर २०१३, शनिवार

दसरा आटोपला, गावातले पाहुणे पांगले आणि आज सकाळी नरसिंहमूर्ती घरी आला. हा माझा फ्लाइंग क्लबातला जुना विद्यार्थी. पहिल्या लँडिंगला याने विमान असं आपटलं होतं की माझा चष्मा मागच्या सीटवर जाऊन पडला. आता नंजनगूडला त्याचा कारखाना आहे आणि म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळावर स्वतःचं छोटं चार सीटचं विमान. मी निवृत्त झालो तरी दर रविवारी तेच विमान उडवून हात राखतो.

ते विमान त्याने आपल्या थोरल्या भावाला देऊन टाकलंय. भाऊ राहतो ऑस्ट्रेलियात, डार्विन नावाच्या गावी. "पंख काढून, पेटीत घालून जहाजाने पाठवतो, सार," म्हणाला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "विमान जहाजाने पाठवतोस? लाज नाही वाटत? मी नेतो उडवत!"

बोलून गेलो. तो बघतच राहिला, मग उठून पाया पडला. आता शब्द मागे घेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर घ्यायचाही नाही. आज किती दिवसांनी भूक लागली!

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चेन्नई, विशाखापट्टणम, कोलकाता, यांगून, फुकेत, मग मलेशिया, सुमात्रा, जावा, बाली, तिमोर, आणि शेवटी पाण्याचा मोठा पट्टा ओलांडला की डार्विन. बेटाबेटांवर टेकत जायचं. मार्चअखेर निघायचं, म्हणजे डार्विनकडचा पाऊस सरत आलेला असेल. मागच्या दोन सीटा काढून तिथे जादा इंधनाची टाकी बसवायची. पुढे राहिल्या दोन. डावी माझी. उजवीवर कोण, हा एकच प्रश्न उरतो. नकाशे द्यायला, टाकीचा कॉक फिरवायला आणि मला जागं ठेवायला माणूस पाहिजेच.

बायकोला, सोयराला, सगळं समजावून सांगितलं. ती टेबलाशी उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मी येते."

शनिवार, तिच्या भजनाची वेळ. मी नकाशावरून मान वर न करता म्हटलं, "हं, ये."

पण ती विठ्ठलमंदिरात गेलीच नाही. आत जाऊन शिरा केला, तोही बदाम-केशर घालून. बायकांचे बेत घटकेघटकेला बदलतात. शिरा मात्र फर्मास झाला होता.

२७ ऑक्टोबर

कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरताना तिरुमलरावला विचारलं. बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेला माणूस, भूगोल तोंडपाठ, गप्पांना तोड नाही. उजव्या सीटसाठी याच्याहून चांगला कोण मिळणार? माझा प्रस्ताव ऐकून तो बाकावर बसला. मग म्हणाला, "अय्यो शेषगिरी, तू विचारलंस आणि मी नाही म्हणेन?" घाम फार आला होता त्याला. वजन कमी कर म्हणून किती वेळा सांगितलंय.

घरी येऊन सोयराला म्हटलं, "तिरुमलरावला विचारलं. तयार आहे तो."

"बरं झालं," ती म्हणाली. "कुंड्यांना पाणी घालायला विश्वासाचं माणूस हवंच होतं."

त्याची अशी टिंगल ती नेहमीच करते. मीही हसलो.

९ नोव्हेंबर

आमच्या घरात नवल घडलंय. सोयरा पोहायला शिकते आहे! शेजारची नागरत्ना पोहण्याच्या तलावावर बायकांना शिकवते, तिच्याबरोबर रोज सकाळी जाते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जन्मात कावेरीत गुडघ्याच्या वर उतरली नाही. म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणाली, "लागतं ना." गुडघ्यांसाठी लागत असणार. डॉक्टर पाण्यातला व्यायाम सांगतात हल्ली. या वयात माणसाला सुम्ने, उगीच, टोकू नये.

रात्रीचा भातही सोडलाय. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे. पण तसंही दिसत नाही, दिवसभर गुणगुणत असते.

२४ नोव्हेंबर

आज बसून इंधनाचा हिशेब मांडला. तिमोर ते डार्विन सगळं पाणीच पाणी आणि आपलं एकच इंजिन. तीस वर्षं पोरांना शिकवलं की इंजिन बंद पडलं तर घाबरायचं नाही, शेत शोधायचं. तिथे शेत कुठून आणू?

इथे लिहायला हरकत नाही: भीती वाटते. जेवताना वाटत नाही, माणसांत वाटत नाही, नकाशा गुंडाळून ठेवताना वाटते. पण गंमत अशी की तो गुंडाळला की पुन्हा उलगडावासा वाटतो. लग्नाआधी बन्नूरला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाही असंच झालं होतं.

१५ डिसेंबर

सोयराचं माहेर शिंपीकामातलं. हात अजून तसाच सफाईदार आहे. विमानात घालायला तिने निळ्या जाड कापडाचे अंगाबरोबरचे दोन सूट शिवलेत, खांद्यापासून पायापर्यंत एकच, मांडीवर नकाशाचा मोठा खिसा. माझा झकास बसला. दुसरा बघून मात्र हसू आवरेना. तिरुमलराव त्यात मावायचा तर त्याला आडवा कापावा लागेल! बाईचा अंदाज चुकला, वय झालं. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, "छान झालाय." ती लाजली. शिवणाचं एवढं कौतुक मी कधी केलं नव्हतं म्हणून असेल. पुढे हळूच उसवून मोठा करून घेता येईल.

संध्याकाळी म्हणाली, "व्हिसासाठी पासपोर्ट दिले एजंटला."

"दिला म्हण," मी म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरात राहून आपल्या माणसांचं मराठी पार बिघडलं. एक आणि अनेक कळेनासं झालंय.

"दिले," ती म्हणाली. हट्टी आहे. तिरुमलरावचाही तिनेच पोचवला असणार. मग बरोबर आहे, दिलेच.

२ जानेवारी २०१४

एक गोष्ट लक्षात आली आणि मन भरून आलं. सोयराला काशीला जायचंय. स्वयंपाकघरात भाजी चिरताना पुटपुटत असते, "तरिमा कासी, तरिमा कासी." दूधवाल्यालाही परवा तेच म्हणाली, तो बिचारा बघत राहिला. जप असावा कसला तरी. बाईने तोंडाने कधी मागितलं नाही, आणि मी आपला बालीचे नि तिमोरचे बेत करत बसलोय.

दुपारी जवळ जाऊन म्हटलं, "सोयरा, डार्विनहून आलो की तुला काशीला नेतो. नक्की."

ती सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "काशीला कशाला?"

"तू म्हणतेस ना सारखी."

"ते तिकडच्या भाषेत आभार मानायचं आहे," ती म्हणाली. "बालीत, तिमोरमध्ये. मोबाइलवर शिकले."

मला शिकवायला म्हणून शिकली! म्हटलं, माझं इंग्रजी पुरेसं आहे तिथे. तर म्हणाली, "तुमचं पुरेल हो." असं म्हणून पुन्हा भाजी चिरायला लागली. आमची बायको मोठी गुणाची.

१९ जानेवारी

तिरुमलराव आला होता. परवानग्यांची भानगड नरसिंहमूर्ती बघतोय, बहुतेक देशांची उत्तरं आली, टाकी बसवायचं काम सुरू झालं, असं सगळं मी उत्साहाने सांगितलं. त्याने तीन प्रश्न विचारले. रबरी होडी फुगवायला किती वेळ लागतो? तिमोरच्या समुद्रात मगरी असतात हे खरं का? आणि परवानगी एखाद्या देशाने नाकारलीच तर सगळा बेत रद्द होतो का? अभ्यासू माणूस. बारीकसारीक सगळं विचारतो.

सोयरा कॉफी घेऊन आली. मगरींचं तिने उत्तर दिलं. म्हणाली, "असतात, पण किनाऱ्याला. आपण मध्ये पडलो तर काही नाही." तिरुमलरावने कॉफी अर्धीच ठेवली.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कसा लिहू?

छोट्या विमानात प्रत्येक वस्तू तोलून घ्यावी लागते. बन्नूरहून सोयराच्या भावाने, भुजंगरावने, गूळ तोलायचा काटा टेम्पोतून पाठवला होता. अंगणात मांडला. होडी तोलली, पाण्याचे कॅन तोलले, अवजारं, माझी बॅग, मी. मग तिरुमलराव चढला. फौजी बूट, अंगात जाकीट, खिशात किल्ल्यांचा जुडगा, कमरेला टॉर्च. वर सांगत होता, येताना सहा इडल्या आणि तीन वडे खाल्ले. चौऱ्याण्णव किलो! काटा बघून त्याच्या तोंडावर एकदम तेज आलं.

"जास्त झालं ना? जमत नसेल तर बेडा, नको. माझ्यासाठी विमान धोक्यात घालू नकोस शेषगिरी, मी समजू शकतो."

"बूट काढ आणि सुम्ने बस," मी म्हटलं. "इंधन थोडं कमी घेऊ." त्याचा चेहरा पडला. मला काही कळेना.

तेवढ्यात सोयरा बाहेर आली. अंगात तो निळा सूट. केस घट्ट बांधलेले, हातातल्या बांगड्या काढलेल्या, एका हातात लहानशी पिशवी. तिरुमलराव उतरला तशी ती पिशवीसकट काट्यावर चढली आणि सरळ उभी राहिली. सूट तिच्या अंगाला कसा बेतून बसला होता!

"अगं, हे काय?" मी म्हटलं. "उतर. तिरुमलची बॅग तोलायचीय."

"त्यांची बॅग? ते कुठे निघाले?"

"कुठे म्हणजे? माझ्याबरोबर. उजव्या सीटवर."

"मग मी?"

कुंपणापलीकडे नागरत्ना कपडे वाळत घालत होती, तिचा हात तसाच वर राहिला.

"मी येते म्हटलं होतं," सोयरा म्हणाली. "नकाशा पसरला होतात, त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, ये."

"मला वाटलं तू भजनाला चाललीस!"

तिरुमलराव खो-खो हसला. "वहिनी, सीट तुमची," म्हणाला. "कुंड्या माझ्या. रोज दोन वेळा पाणी घालीन." आणि बुटाच्या नाड्या न बांधताच निघाला. एवढ्या वजनाचा माणूस इतक्या चपळाईने फाटकाबाहेर जाताना मी प्रथमच पाहिला.

मी चिडलो होतो. नागरत्ना बघतेय, तिरुमल पळाला, सगळा बेत अंगणात सांडलाय. ओरडलो, "समुद्रावरून जायचंय, सोयरा! बन्नूरच्या बसने नाही!"

ती काट्यावरून उतरली. आत जाऊन साडी नेसली, बांगड्या घातल्या, जेवायला वाढलं. सारात मीठ बरोबर होतं.

१० फेब्रुवारी

आज पोहायला गेली नाही. सूट घडी करून माझ्या सूटखाली ठेवलाय. रात्री पुन्हा भात वाढून घेतला.

पोहणं, भात सोडणं, तो सूट, ते पासपोर्ट, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. पोरांना मी म्हणायचो, आकाश बघून उडवा, नुसती समोरच्या पाटीवरची घड्याळं बघू नका. शाबास शेषगिरी!

११ फेब्रुवारी

का नको ती? दिवसभर कारणं काढली. गुडघे. उलटीची सवय. भाषा. सगळी फालतू. गुडघे तिचे माझ्यापेक्षा बरे आहेत आणि भाषा ती शिकून बसलीय. तिच्या हलक्या वजनाने तर इंधन जास्त घेता येतं, त्या शेवटच्या पाण्याच्या पट्ट्यावर चांगला तासभर हाताशी राहतो. हिशेब तिच्या बाजूचा आहे.

खरं कारण असं आहे. तिरुमल शेजारी असला आणि इंजिन बंद पडलं, तर मी विमान सांभाळीन. ती शेजारी असली तर मी तिच्याकडे बघीन. तिला काही झालं तर मला जगायचं नाही. हे मी कधी कुणाला बोललो नाही, तिलाही नाही. आमच्या घरात असं बोलत नाहीत.

१२ फेब्रुवारी

बोललो. तोंडातून नीट आलं नाही, पण बोललो. ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, "तू इथे असलीस की बरं असतं. परत यायला जागा असते."

तिने लाटणं थांबवलं नाही. "तीस वर्षं मी तेच झाले," म्हणाली. "तुम्ही क्लबातून यायचात. स्कूटर कोपऱ्यावर वळली की आवाज यायचा. तोवर मी कुकर लावायची नाही. ज्या दिवशी उशीर झाला त्या दिवशी किती देव आळवले, ते तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, गरम जेवायला वाढायचं म्हणून कुकर उशिरा लावते.

"महिनाभर तसं बसायचं माझ्यात नाही आता," ती म्हणाली. "साकु झालं. पुरे."

"मग चल ना!" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.

"असं नाही. त्या दिवशी मी आपणहून येते म्हटलं, तिथेच चुकलं. आता मी म्हणणार नाही. तुम्ही विचारायचं."

"काय विचारायचं?"

"तेच ते. येशील का म्हणून. मला तुम्ही आजवर काही विचारलंय? लग्नाचंसुद्धा तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं."

१४ फेब्रुवारी

हे फार अवघड काम आहे हो! दाढी करताना ठरवलं, आत्ता विचारतो. ती कॉफी घेऊन आली आणि मी विचारलं, "साखर घातलीस का?" दुपारी तयारीने उभा राहिलो, तर तोंडातून आलं, "वीजबिल भरलं का?" ती दोन्ही वेळा थांबली होती. दोन्ही वेळा उत्तर देऊन आत गेली, आणि दुसऱ्या वेळी तर मला वाटतं हसत होती.

गंमत म्हणजे ती पुन्हा पोहायला जाऊ लागलीय.

१५ फेब्रुवारी

नरसिंहमूर्तीचा फोन. टाकी बसली. आता ती भरून, शेजारी वजन ठेवून, विमान हवेत कसं चालतं ते एकदा बघायला हवं. "वाळूची पोती ठेवू का सार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पोती नकोत. वजन मी आणतो."

सोयराला म्हटलं, "उद्या तोल बघायला उजव्या सीटवर वजन लागणार आहे."

"वजन म्हणून चालेन," ती म्हणाली. "ते वेगळं आणि हे वेगळं."

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मंडकळ्ळी. दोघांनी निळे सूट घातले. नरसिंहमूर्तीने तिला हात देऊन चढवलं, पट्टे बांधले, कानांवर हेडफोन चढवले. तपासणीची यादी वाचताना मी दोनदा चुकलो. हजारो वेळा उडालो असेन, असं कधी झालं नाही.

विमान जड उठलं, पण उठलं. चामुंडीची टेकडी उजवीकडून मागे पडली. सोयराने मांडीवर नकाशा घेतला होता. नाक वर करून समोर बघत होती, भजनात बसते तशी ताठ. मी म्हटलं, "भीती वाटतेय?" ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका, आवाज ऐकू द्या इंजिनाचा."

नदी धरून पूर्वेला गेलो. खाली तलकाडची वाळू दिसू लागली, कावेरीच्या वळणात पसरलेली, उन्हात पांढरी. ती खिडकीला टेकून बघत होती. आणि मला एकदम वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. घरात तिच्यासमोर उभं राहून जमलं नाही, इथे दोघांनाही समोर बघायचं होतं. ते सोपं पडलं.

दांडा घट्ट धरून, सगळं बळ एकवटून बोललो, "सोयरा, माझ्याबरोबर येशील का?"

हेडफोनात खरखर झाली आणि कंट्रोल टॉवरच्या पोराचा आवाज आला, "सार, से अगेन?"

घाईत रेडिओचं बटण दाबलं गेलं होतं! मंडकळ्ळीच्या टॉवरला, धावपट्टीच्या कडेला रेडिओ घेऊन उभ्या नरसिंहमूर्तीला, आणि हवेत जो कोणी असेल त्या सगळ्यांना मी ते विचारलं होतं. कान तापले. बटणावरचं बोट झटकन काढलं.

"त्याला ऐकू आलं नाही वाटतं," सोयरा समोर बघत म्हणाली. "पुन्हा विचारा म्हणतोय."

"तुला आलं ना?"

"मलाही नीट नाही आलं."

मी बटणापासून हात लांब ठेवला आणि पुन्हा विचारलं. या वेळी हळू. वर हेही सांगितलं की तू नसलीस तर मला तिथे काही बघावंसं वाटणार नाही. हे कुठून आलं कोण जाणे, ठरवलेलं नव्हतं.

तिने नकाशाची घडी उलगडली, बोट ठेवलं, पुढे सरकवलं.

"कुठपर्यंत?" तिने विचारलं.

"डार्विनपर्यंत. तिथे विमान त्याच्या भावाच्या ताब्यात द्यायचं. मग मोठ्या विमानाने दिवसाभरात परत."

तिचं बोट डार्विनवर थांबलं नव्हतं. ते खाली उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने चाललं होतं, नकाशा संपतो तिथवर.

"जायचं ठरलं," ती म्हणाली. "परत यायचं तिथे पोचल्यावर बघू."

मी तिच्याकडे बघितलं. विमानाचं नाक खाली गेलं. "समोर बघा," ती म्हणाली, आणि मी समोर बघितलं.

नरसिंहमूर्तीला उद्या फोन करायचा. परतीची तिकिटं काढू नकोस म्हणावं.